भावोजींचा उजवा पाय

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, एकतीस वर्षं वीज कंपनीत मीटर वाचत होते. रोज सकाळी आठला खांद्याला पिशवी, खिशात टॉर्च, आणि दिवसभर जिन्याखालच्या काळोख्या खोल्या. कोणत्या इमारतीत कुत्रं आहे, कोणत्या इमारतीत मालकच कुत्र्यासारखा आहे, हे त्यांना पाठ होतं. लोक त्यांना नावानं ओळखत नसत. "मीटरवाले आले" म्हणत आणि दार उघडत. त्यांना एकाच गोष्टीचा अभिमान होता. मीटर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांनी कधी आकडा लिहिला नाही. बरोबरचे लोक चहाच्या टपरीवर बसून अंदाजानं आकडे टाकत. भावोजी म्हणत, "अंदाज हवामानखात्यानं करावा. मी नाही."

असा माणूस खोटं बोलेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. म्हणूनच तर ते पचलं.

पायाचं दुखणं मला कळलं तेही गमतीनं. एका रविवारी आम्ही दोघं बाजारातून चालत होतो. भावोजी एकदम एका दुकानाच्या काचेसमोर उभे राहिले. आत बायकांच्या चपला.

"ताईला घेताय का?" मी विचारलं.

"बघतोय."

दोन मिनिटं बघितलं आणि निघालो. शंभर पावलं गेलो असू, तर पुन्हा उभे. या वेळी काचेमागे संडासाची भांडी होती.

"हेही ताईलाच का?"

ते हसले, पण कपाळावर घाम होता. मग म्हणाले, "मास्तर, कुणाला सांगू नकोस. पोटरीत पिळा बसतो. उभं राहिलं की सुटतो. चाललं की पुन्हा बसतो."

मला ते मास्तर म्हणत, कारण मी शाळेत कवायत शिकवतो. मी म्हटलं, "जिने कसे चढता मग?"

"प्रत्येक मजल्यावर थांबतो. वहीत काहीतरी लिहितोय असं दाखवतो."

मी अर्थातच घरी जाऊन ताईला सांगितलं, आणि ताईनं दुसऱ्याच दिवशी त्यांना दवाखान्यात नेलं. तिथून पुढे मोठ्या रुग्णालयात, रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरबाईंकडे. बाई चाळिशीच्या असतील, बारीक आवाजाच्या. पावलावर दोन बोटं ठेवून त्यांनी नाडी चाचपली. मग म्हणाल्या, "नाडी लागत नाही इथे. सिगारेट किती?"

"वीस," ताई म्हणाली. भावोजी म्हणाले, "पंधरा." सिगारेटच्या बाबतीत ते पहिल्यापासूनच हातचं राखून बोलत.

मांडीतली मोठी वाहिनी बंद झाली होती. आधी गोळ्या, चालण्याचा व्यायाम आणि सिगारेट बंद, एवढंच ठरलं. पण त्याच सुमारास नवीन बूट करंगळीला चावला आणि ती जखम दोन महिने झाले तरी भरेना. तेव्हा बाईंनी बायपास सांगितली. आम्हा सगळ्यांना बायपास म्हणजे हृदयाची एवढंच माहीत. माझी आई तर म्हणाली, "अगं, जावयाचं हृदय पायात गेलं की काय?" बाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं: त्याच पायातली एक शीर काढायची आणि बंद वाहिनीच्या बाजूनं नवा रस्ता म्हणून शिवायची.

शस्त्रक्रिया छान झाली. जांघेपासून गुडघ्याच्या खालपर्यंत टाके. पाऊल उबदार झालं, करंगळी दीड महिन्यात भरली. भेटायला येईल त्याला भावोजी पायजमा वर करून व्रण दाखवायचे. ताई ओरडायची, "अहो, बायका बसल्यात!"

घरी सोडताना बाईंनी आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं होतं. त्यांचे शब्द मला अजून आठवतात. "ही शीर आतून अरुंद व्हायला लागली तर तुम्हाला काहीही कळणार नाही. स्कॅनमध्ये मला कळेल. अरुंद असताना आलात तर आत बारीक फुगा घालून रुंद करता येते. पूर्ण बंद झाल्यावर आलात तर माझ्या हातात फार थोडं उरतं. म्हणून तारखा चुकवायच्या नाहीत. आणि सिगारेट एकही नाही."

तिसऱ्या महिन्याचा स्कॅन उत्तम आला. त्या दिवशी नर्सनं त्यांना एका लहानशा यंत्रात फुंकायला लावलं. फुफ्फुसात धूर आहे का ते त्यात दिसतं म्हणे. आकडा इतका खाली की नर्सनं टाळी वाजवली. ताईनं घरी आल्यावर बारा नातेवाइकांना फोन केले. "माझ्या माणसानं सिगारेट सोडली," एवढं एकच वाक्य. मला वाटतं, तिच्या आयुष्यात तिनं फुशारकी मारलेली ती पहिलीच गोष्ट.

पुढच्या महिन्यात भावोजी निवृत्त झाले. एकतीस वर्षं रोज चालणारा माणूस घरी बसला. सोसायटीच्या लोकांनी त्यांचा अनुभव पाहून इमारतीच्या मीटरखोलीची किल्ली त्यांच्याकडे दिली. दार जिन्याखाली, आत बत्तीस मीटर, एक स्टूल. दिवसातून एकदा खाली जाऊन काही जळालं-बिळालंय का पाहायचं, एवढंच काम. त्या खोलीत त्यांच्याशिवाय कुणी जात नसे.

तिथे त्यांनी पहिली ओढली. फक्त एक, असं ठरवून. मग दिवसाला दोन. मग चार. वर येताना वेलदोडा चावायचे.

हे सगळं मला फार नंतर कळलं. त्या वेळी दिसत होतं ते एवढंच की भावोजी खाली जातात आणि खुशीत वर येतात. ताई म्हणायची, "मीटर बघितल्याशिवाय यांना अन्न गोड लागत नाही."

सहाव्या महिन्याच्या स्कॅनची तारीख आली. भावोजींना स्कॅनची भीती नव्हती, फुंकायच्या यंत्राची होती. ताईला ते म्हणाले, "तू कशाला येतेस, मी जाऊन येतो." गेले, आणि रुग्णालयाच्या अलीकडच्या बागेत दोन तास बाकावर बसून परत आले. "शीर एकदम मोकळी. पुढची तारीख सहा महिन्यांनी," असं सांगितलं. ताईनं त्या दिवशी गोड केलं. मीही होतो जेवायला. दोनदा वाढून घेतलं.

दहाव्या महिन्यात पिळा परत आला. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर रुग्णालयात जावं लागणार, गेलं तर फुंकावं लागणार. चोराच्या मनात चांदणं. मग एका सकाळी उठले तर उजवं पाऊल गार पडलेलं, बोटं बधिर. ताईच्या हाताला ते लागलं तशी ती दचकली.

"अहो, बर्फासारखा झालाय पाय! बाईंकडे जाऊ या."

"थंडी पडलीय. स्कॅन चांगला आहे ना? मग?"

तिनं विश्वास ठेवला. का नाही ठेवायचा? तिनं गरम पाण्याची रबरी पिशवी भरली, टॉवेलात गुंडाळली आणि पावलाखाली ठेवली. पाणी निवलं की पुन्हा भरली. असं सहा दिवस. बधिर पायाला चटका कळत नाही, हे तिला माहीत नव्हतं. सहाव्या दिवशी दुपारी तिनं टॉवेल बाजूला केला तर टाचेवर लिंबाएवढा फोड. आणि बोटं निळी.

मी पोचलो तेव्हा ती जमिनीवर बसून त्यांचं पाऊल मांडीवर घेऊन होती.

रुग्णालयात डॉक्टरबाई धावतच आल्या. "कधीपासून?"

"कालपासून," भावोजी म्हणाले.

ताईनं त्यांच्याकडे पाहिलं. पण तिला वाटलं, दुखण्यात माणसाला दिवसांचं भान राहत नाही. तिनंच सांगितलं, "सहा दिवस झाले."

"सिगारेट?"

याचं उत्तर ताईनं दिलं, मान ताठ करून. "दहा महिन्यांत एकही नाही." भावोजी छताकडे बघत होते.

"सहाव्या महिन्याचा स्कॅन माझ्याकडे नोंदलेला नाही."

"दुसरीकडे केला," भावोजी पुटपुटले. "जवळ होतं म्हणून. रिपोर्ट कुठे ठेवला, सापडत नाही."

बाईंनी एक क्षण त्यांच्याकडे पाहिलं, पण वेळ नव्हता. यंत्रात फुंकायला कुणी लावलंच नाही. ज्या गोष्टीच्या भीतीनं पाय पणाला लावला, ती गोष्ट त्या दिवशी झालीच नाही.

पुढचे पाच आठवडे मी थोडक्यात सांगतो, कारण लांबवण्यासारखं त्यात काही नाही. आधी जांघेतून बारीक नळी घालून शिरेतली गुठळी विरघळवायचं औषध सोडलं. शीर थोडी उघडली, आत एक जागा अगदी अरुंद झालेली दिसली. ती फुग्यानं रुंद केली. दोन दिवसांनी सगळं पुन्हा बंद. मग दंडातली शीर काढून दुसरी बायपास केली, आणखी खाली, घोट्याजवळ. ती एकोणीस दिवस चालली. विसाव्या सकाळी बाई पावलावर बोटं फिरवत राहिल्या, नाडी लागली नाही. टाच तोवर काळी पडली होती.

त्या खोलीबाहेर आल्या, आणि मी त्यांना गाठलं.

कवायतीच्या मास्तरला आवाज कमी करता येत नाही हे खरं, पण ते कारण म्हणून सांगत नाही. मला ओरडायचंच होतं. बाकावर पंधरा-वीस माणसं बसली होती. त्यांच्यासमोर मी त्या बाईला म्हणालो की तुमच्या हाताला यश नाही. की एक शीर शिवता आली नाही ती नाही, वर दुसरीही वाया घालवलीत. की धडधाकट माणूस तुमच्या हवाली केला, त्यानं तुम्ही सांगाल ते सगळं ऐकलं, आणि तुम्ही कागद शोधत बसलात. आणखीही एक वाक्य बोललो, ते इथे लिहीत नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

बाईंचा चेहरा पांढरा पडला. त्या म्हणाल्या, "तुमचा राग मला समजतो. पण आता पाय गुडघ्याखाली काढला तर गुडघा वाचेल. थांबलो तर तोही जाईल. संध्याकाळपर्यंत मला उत्तर हवंय." आणि गेल्या.

खोलीचं दार उघडं होतं. भावोजींनी शब्दन् शब्द ऐकला. एका हाकेवर होतो मी. त्यांनी हाक मारली नाही.

पाय गेला. गुडघा वाचला.

ताईनं बाईंना विचारलं होतं, "पिशवीमुळे गेला का पाय?" बाईंनी सांगितलं, "टाच भाजली, त्यानं जखम वाढली. पण पाय गेला तो रक्त बंद झाल्यामुळे." ताईला त्यातलं पहिलंच वाक्य ऐकू आलं. घरी आल्यावर कुणी भेटायला आलं की ती आपणहून सांगायची, "मी भाजला हो यांचा पाय. माझ्या हातानं." लोक चुकचुकायचे. काही बायका घरी जाऊन काय बोलल्या असतील ते सांगायला नको.

भावोजी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून असत. पूर्वी व्रण दाखवणारा माणूस आता चादर हनुवटीपर्यंत ओढायचा. ताईला पट्टी बदलू द्यायचे नाहीत, पुसून घ्यायचे नाहीत. सगळे म्हणत, पाय गेल्याची लाज वाटते, होईल सवय. मीही हेच म्हणत होतो.

दोनेक महिन्यांनी एका दुपारी ताई खाली भाजी आणायला गेली होती. भावोजी म्हणाले, "मास्तर, खुर्ची जवळ घे." आणि भिंतीकडे बघतच त्यांनी मला सगळं सांगितलं. मीटरखोली, वेलदोडा, बाग, यंत्र. अगदी सरळ, जसे आकडे वाचून दाखवतात तसं. शेवटी म्हणाले, "तिला सांगायला पाहिजे. रोज ठरवतो. ती आत आली की तोंडाला कुलूप लागतं."

आता माझी पाळी होती. त्या वेळी मी काय म्हणालो, ते मला लिहायचं नाही, पण लिहायलाच हवं. मी म्हणालो, "आता सांगून पाय परत येणार आहे का? झाकली मूठ सव्वा लाखाची."

वरवर ते ताईच्या काळजीनं बोललो. खरं तर माझ्या डोळ्यांपुढे रुग्णालयातला तो बाक होता, आणि त्यावरची पंधरा-वीस माणसं. हे बाहेर आलं असतं तर मी त्या दिवशी कोण ठरलो असतो? भावोजींनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मला वाटतं, त्यांना कळलं. पण एक सोबती मिळाल्यावर माणूस जास्त विचारत नाही. आम्ही दोघंही गप्प बसलो. तीन आठवडे.

कृत्रिम पाय बनवणारा कारागीर घरी माप घ्यायला आला तो दिवस. ठेंगणा, बडबड्या माणूस. हातात प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या. त्यानं भावोजींना खुर्चीत बसवलं, उरलेल्या पायावर मोजा चढवला आणि पट्ट्या गुंडाळू लागला. "आता सुकेपर्यंत हलायचं नाही साहेब. हललात तर माप चुकेल, आणि मग मला शिव्या घालाल." ताई वाडगा धरून उभी होती. मी खिडकीशी.

कारागिरानं सहज विचारलं, "पाय कशानं गेला?"

ताई म्हणाली, "मी भाजला. गरम पाण्याची पिशवी ठेवली होती."

"अहो बाई, होतं असं. बऱ्याच घरांत पाहिलंय मी. बायका मायेनं करायला जातात—"

"तिनं नाही," भावोजी म्हणाले.

कारागीर थांबला.

"तिनं नाही भाजला. मी घालवला. मी सिगारेट ओढत होतो. खाली मीटरखोलीत, सहा महिने. पाय गार पडला तेव्हाच मला कळलं होतं कशानं पडला ते. तरी तिला पिशवी ठेवू दिली."

प्लास्टर ओलं होतं. भावोजींना उठता येत नव्हतं, भिंतीकडे वळता येत नव्हतं, आणि कारागीर दोन्ही हातांनी तो पाय धरून बसलेला, त्यालाही जाता येत नव्हतं. तो खाली मान घालून म्हणाला, "हलू नका साहेब." बिचारा दुसरं काय म्हणणार?

ताईनं वाडगा टेबलावर ठेवला. मग विचारलं, "सहाव्या महिन्याचा स्कॅन?"

"नाही केला."

"मग त्या दिवशी दोन तास कुठे होता?"

"बागेत. बाकावर."

"मी गोड केलं होतं त्या दिवशी," ताई म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मग ती माझ्याकडे वळली. "तुला माहीत होतं?"

मी खिडकीबाहेर बघितलं. बहिणीला ते उत्तर पुरलं. "तूसुद्धा," म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. सुकलेलं प्लास्टर कारागिरानं कात्रीनं उघडलं, साचा पोत्यात घातला आणि चहा न घेता गेला. मीही त्याच्या मागोमाग उतरलो. राहिलो नाही. तेही सांगून टाकतो.

त्यानंतर एक महिनाभर ताई भावोजींशी बोलली नाही. घर सोडून गेली नाही, कामही सोडलं नाही. पट्टी आता तीच बदलायची, आणि ते बदलू द्यायचे. "जेवण वाढलंय," असं भिंतीला सांगायची. माझा फोन उचलत नव्हती. पण आलेल्या माणसाला "मी भाजला" म्हणणं मात्र तिनं बंद केलं. कुणी विचारलं तर भावोजींकडे बोट दाखवायची. "त्यांना विचारा." आणि ते सांगायचे. प्रत्येकाला. शेजाऱ्यांना, सोसायटीच्या सेक्रेटरीला, माझ्या म्हाताऱ्या आईला. किल्ली परत करताना तर जिन्यात कुबड्यांवर उभं राहून चार माणसांसमोर सांगितलं. दर वेळी कान लाल व्हायचे, शब्द अडकायचे. सवयीनं सोपं होईल असं मला वाटलं होतं. झालं नाही.

एक दिवस त्यांचाच मला फोन आला. "मास्तर, डॉक्टरबाईंकडे ने मला. त्यांना सांगायचं राहिलंय."

मी चाकाच्या खुर्चीतून त्यांना घेऊन गेलो. त्याच बाकांसमोरून. आमचा नंबर आला. बाईंनी उरलेला पाय तपासला, व्रण पाहिला, छान म्हणाल्या. मग भावोजींनी सांगितलं. बाईंचं पेन थांबलं.

"रोज किती?"

"चार. शेवटी शेवटी सहा."

"आणि पाय दुखायला कधी लागला होता?"

"तुमच्याकडे आलो त्याच्या तीन आठवडे आधी."

त्यांनी ते लिहिलं. मग पेन ठेवलं. "आमच्याकडे महिन्यातून एकदा सगळे डॉक्टर बसतात. ज्यांचं बिघडलं त्यांच्याबद्दल बोलायचं असतं. तुमची केस मीच मांडली होती. सिगारेट नाही, तपासणी झालेली, तरी दहा महिन्यांत शीर बंद, म्हणजे माझ्या शिवणीतच दोष असणार, असं मी सगळ्यांसमोर म्हटलं. नंतर दोन महिने मी अशी शस्त्रक्रिया एकटीनं केली नाही. वरिष्ठांना शेजारी उभं करत होते."

भावोजींनी हात जोडले. ते हात तसेच राहिले, खाली कसे घ्यावे ते त्यांना कळेना.

"हात जोडू नका," बाई म्हणाल्या. आवाजात राग होता, आणि तो त्यांनी लपवला नाही. "खरं ऐकायचंय ना? मग पूर्ण ऐका. सिगारेटनंच शीर बंद झाली असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. काही जणांच्या शिरा सगळं पाळूनही बंद पडतात. पण सहाव्या महिन्याला आला असतात तर ती अरुंद जागा मला बहुधा दिसली असती. दुखायला लागल्यावर लगेच आला असतात, तरी बरंच करता आलं असतं. बहुधा. खात्रीनं नाही. तुम्हाला हे आता असंच घेऊन राहावं लागेल."

भावोजी मान हलवत राहिले. शिव्या दिल्या असत्या तर त्यांना सोपं गेलं असतं. माफ केलं असतं तरी.

ते बाहेर निघाले, आणि मी दारात रेंगाळलो. म्हणालो, "मॅडम, त्या दिवशी बाहेर ओरडलो होतो तो मी. चुकलं माझं."

त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं. "कोणत्या दिवशी?"

मी तारीख सांगितली.

"त्या आठवड्यात तीन जण ओरडले होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्यातले कोणते?"

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. न लिहिलेलं ते वाक्य ओळख म्हणून पुन्हा उच्चारायची वेळ येते की काय, या भीतीनं मी नुसताच "सॉरी" म्हणून बाहेर पडलो. एवढी मोठी क्षमा मागायची म्हणून रात्रभर तयारी केली होती, ती अशी झाली.

नवा पाय आला. पहिले पंधरा दिवस तो टोचायचा, फोड यायचे, भावोजी दात-ओठ खाऊन समांतर दांड्यांमधून चालायचे. आता काठी घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जातात. डावा पायही निरोगी नाही, त्यातही एक जागा अरुंद आहे. म्हणून दर चार महिन्यांनी तपासणी. यंत्रात फुंकायचं असतं. ते न सांगता हात पुढे करतात.

पहिल्या अशा तपासणीला मीच नेणार होतो. खाली रिक्षा उभी केली, तर आधी ताई जिना उतरून आली, पर्स खांद्याला लावून. मला म्हणाली, "तू जा शाळेत. मी आहे." प्लास्टरच्या दिवसानंतर माझ्याशी ती तेव्हाच पहिल्यांदा बोलली. मागाहून कळलं, रिपोर्ट छापून आला तेव्हा नर्सनं तो भावोजींपुढे धरला, आणि ताईनं मधेच हात घातला. "माझ्याकडे द्या." घडी घालून पर्समध्ये ठेवला. तेव्हापासून त्यांचा प्रत्येक कागद तिच्याकडे असतो. गोळ्या तीच मोजून देते आणि गिळेपर्यंत समोर उभी राहते. ते खाली गेले, तर परत आल्यावर त्यांच्या शर्टाचा वास घेते, उघडपणे, आल्यागेल्यासमोरसुद्धा.

परवा मी होतो तिथे. भावोजी दुकानातून आले, काठी कोपऱ्यात ठेवली आणि लहान मुलासारखे ताईसमोर उभे राहिले. तिनं कॉलर हुंगली, "हं," म्हणाली आणि आत गेली. मला बघवलं नाही. मी हळूच म्हटलं, "भावोजी, वाईट नाही का वाटत? या वयात?"

ते खुर्चीत बसले. पायाचा पट्टा सैल केला.

"वाटतं की," म्हणाले. "तिला पण वाटतं, हुंगताना. तू चहा घेणार का?"